दोन बोटं की एक?

टेलर मास्तर बायकोबरोबर परदेशाच्या सहलीला आले खरे, पण त्यांचा जीव दुकानातल्या कापणीच्या टेबलावर अडकला होता. तिथे आज धाकटी लेक पहिल्यांदाच एकटीने नवरदेवाचा कोट कापणार होती. कापड नवरदेवाच्या वडिलांनी कधीकाळी घेऊन जपून ठेवलेलं, जेमतेम पुरेल एवढंच. तसलं दुसरं आता शोधूनही सापडलं नसतं. "मी फोनवर दिसल्याशिवाय कात्री लावायची नाही," असं मास्तरांनी बजावलं होतं, आणि दुपारी तर गिऱ्हाईक कच्चा कोट अंगावर घालून बघायला यायचं होतं.

म्हणून सकाळपासून फुकटच्या वायफायमागे वणवण चालली होती. स्टेशनवरचं वायफाय नंबर विचारायचं, त्यावर ओटीपी पाठवायचं आणि तो टाकला तरच आत घ्यायचं. मास्तरांनी नंबर दिला. सिमकार्ड मात्र परदेशात हरवायला नको म्हणून ते दुकानातच, बटणांच्या डबीत ठेवून आले होते.

"आला असेल हो ओटीपी," बायको म्हणाली, "बटणांना."

पुढे कॉफीच्या दुकानात बिलावरच पासवर्ड छापलेला होता. तो टाकला आणि लेक दिसली, हातात कात्री घेऊन. "बाबा, खांद्याला मी..." एवढं म्हणाली आणि चित्र थिजलं. कात्री उघडीच. मास्तर खुर्चीतून उठलेच.

"अगं, कापतेय ती!"

"दोन मिनिटं झाली, तिची पापणीसुद्धा हललेली नाही. कापेल कशी?"

कॉफीवाल्याला त्यांची दया आली असावी. त्याने समोरच्या वाचनालयाकडे बोट दाखवलं.

वाचनालयात पासवर्डची भानगड नव्हती आणि चित्र लख्ख येत होतं. पण मास्तरांनी तोंड उघडायच्या आत तिथल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मास्तर रडकुंडीला आले. तेवढ्यात लेकीनेच हात वर केला, आणि त्यांची ट्यूब पेटली. दुकानात चार मशीनं धडधडत असताना बापलेक वर्षानुवर्षं बोटांनीच तर बोलत आले होते!

मास्तरांनी खांद्यावर दोन बोटं ठेवली. म्हणजे शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोड. लेकीने मान हलवली आणि एकच बोट दाखवलं. मास्तरांनी डोळे वटारून दोन बोटं नाचवली. शेजारी वाचत बसलेले आजोबा पुस्तक मिटून बघायला लागले. लेकीने शांतपणे फोन कापडाकडे वळवला आणि खडूने आखलेल्या कोपऱ्यावर टिचकी मारली. दोन बोटं सोडली तर उरलेल्या कापडात कॉलर निघतच नव्हती. चाळीस वर्षं कापणी केलेले मास्तर चक्क कॉलर विसरले होते.

त्यांना आधी लाज वाटली, मग इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांनी हळूच एक बोट मिटलं.

कात्री चालली. एकदाही अडखळली नाही.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"मी काय सांगणार? तिनेच सांगितलं," मास्तर म्हणाले, आणि फोन बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकला. "चल, आता हे गाव बघू. चार दिवस झाले येऊन."