पांढऱ्या फुलावरचा पिवळा कोळी

"सापडला का?" गेणबानं तिसऱ्यांदा विचारलं.

"बघतेय न्हवं! घोड्यावर बसून आलाय का काय?" त्याची बायको सगुणाबाई शेवंतीत वाकूनच खेकसली.

भांडगावच्या त्यांच्या अर्ध्या एकरातला हा जुना खेळ. फुलाच्या रंगात रंग मिसळून माशीची वाट बघत बसणारा, चालला तर खेकड्यासारखा तिरका चालणारा कोळी आधी कोण शोधतं? हरेल त्यानं चहा करायचा. इतकी वर्षं चहा गेणबाच करत आला होता. मेंढरांमागं हिंडलेला गडी, लांबवरचा लांडगा ओळखायचा. पण नाकाखालचा कोळी दिसेल तर शपथ! सगुणाबाई मात्र चालता चालता बोट दाखवायची, वर दात काढायची.

दिवाळीपासून मात्र गेणबाच जिंकत होता. जिंकल्याचा आनंद राहिला बाजूला, त्याला धड एका जागी बसवत नव्हतं. उगाच बांधाला चकरा मारायच्या, विडी पेटवायची, विझवायची. तिच्या डोळ्यांचं नाव काढलं की बायको अंगावर यायची. कंपनीतल्या सुरजला, त्यांच्या मुलाला, हे कळलं तर तो शेत वाट्यानं देऊन दोघांना शिक्रापूरच्या आपल्या खोलीत नेऊन ठेवील, ही तिची धास्ती. गेणबाचीही तीच. म्हणून तो गप्प बसायचा आणि गप्प बसतो म्हणून स्वतःलाच शिव्या घालायचा.

आजचा कोळी शेजारच्या झेंडूवरून नुकताच शेवंतीवर आला होता. रंग बदलायला अजून पाच-सहा दिवस लागणार. पांढऱ्या फुलावर तो हळदीच्या डागासारखा उठून दिसत होता. आंधळ्यालाही दिसेल, असं गेणबाच्या मनात आलं आणि तो चरकला.

सगुणाबाईची बोटं फुलांवरून सरकत तिथं पोचली. कोळी तिरका पळत तिच्या मनगटावर चढला.

"मुंगी चढली वाटतं," ती म्हणाली. "आज कोळी न्हाई कुठं."

गेणबानं कोळी अलगद उचलून फुलावर सोडला.

"व्हय, मुंगीच हुती," तो म्हणाला. "मलाबी हल्ली धड दिसंना. उद्या दौंडला डोळं दाखवून यावं म्हंतो. तू सोबतीला चल."

सगुणाबाईनं मनगट चोळलं.

"तुमच्या डोळ्यांला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "चला. पण हायवे वलांडताना माझा हात धरा. लोकं बघत्याल, तर बघू द्या."