खडीवरची पावलं, टेक सात

गोडबोल्याला आवाज चोरता यायचे, पण ऐकायचा त्याला कंटाळा होता. दोन वर्षं डूख धरून त्याची कामाची पद्धत न्याहाळल्यावर तिच्या हाती एवढंच लागलं. पण तेवढं पुरे होतं.

तिचे बाबा सिनेमांना पावलं द्यायचे. पडद्यावर नायक चालायचा, आवाज बाबांच्या पायांचा. वाळू, खडी, ओली फरशी, लाकडी पायऱ्या असं सगळं एका खोलीत मांडून ते पडद्याकडे बघत जागच्या जागी चालायचे. धंद्यात त्यांना सगळे 'पावलंवाले' म्हणायचे. मग झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

गोडबोल्या त्यांच्याच हाताखाली शिकलेला. याच घरात जेवलेला, 'वहिनी, वहिनी' करत आईच्या मागेपुढे फिरलेला. बाबा अंथरुणाला खिळले आणि हा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. बाबांचे जुने सिनेमे कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्यांतला ऑडिओ वेगळा काढायचा, पावलांचे तुकडे कापून फाईली करायच्या आणि 'माझा ध्वनिसंच' म्हणून विकायच्या. एका जाहिरातीत त्या लाकडी पायऱ्या वाजल्या, तेव्हा बाबांनी डाव्या हाताचं बोट आधी टीव्हीकडे केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. तीनदा.

ती गोडबोल्याकडे गेली. भांडायला नव्हे, मागायला.

"काका, संचावर बाबांचं नाव टाका. बाकी काही नको."

"बाळा, पावलांना कुठे नाव असतं?" तो लाडाने म्हणाला. "आणि समजा असलं, तर सांगणार कोण? बाबा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हसून उठली. जिना उतरताना तिने ठरवलं, सांगतील. बाबाच सांगतील.

ती स्वतः सिनेमांच्या आवाजाचं मिश्रण करायची. घरी बाबांची एक टेप उरली होती, कुठेच न वापरलेली. तिच्यातल्या सातव्या टेकमध्ये बाबा खडीवर चालता चालता थांबले होते, काहीतरी बोलले होते आणि पुन्हा चालू लागले होते. असा टेक लोक फेकून देतात. तिच्या हातातल्या नव्या सिनेमात एक माणूस खडीवरून जातो, थबकतो, पुन्हा निघतो. तिने तो टेक तिथे जसाच्या तसा बसवला, बोलण्यासकट, आणि सगळंच इतकं हळू ठेवलं की वरच्या संगीताखाली कुणाला पत्ता लागू नये. दिग्दर्शकाला पत्ता लागला नाही. त्याला संगीत आवडलं.

सिनेमा बाहेर आल्यावर तिने गोडबोल्या करेल तेच करून पाहिलं. ऑडिओ वेगळा काढला. संगीताचे डावे-उजवे चॅनेल टाकून दिले, पावलांचा मधला ठेवला. खडीचा तुकडा कापून त्याची डब्ल्यूएव्ही फाईल केली आणि आवाज वर नेला, पार वर. बाबा बोलले. ती एवढ्या मोठ्याने हसली की आतून आईने विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही आई, गळाला गांडूळ लावलंय."

मग एकदा सहज भेटल्यासारखं करून तिने गोडबोल्याच्या कानावर घातलं, "काका, त्या नव्या सिनेमात खडी काय सुंदर वाजलीय!" पुढे काही करावंच लागलं नाही. तो पाचशे फाईली एकदम निवडायचा आणि एका झटक्यात सगळ्यांचा आवाज सारखा मोठा करायचा. एकही ऐकायचा नाही. त्याचा नवा संच आला तसा तिने विकत घेतला आणि ती एक फाईल वाजवून खात्री करून घेतली.

संचाच्या सोहळ्याला ती बाबांना चाकांच्या खुर्चीत घेऊन गेली. सभागृहात सगळे धंद्यातलेच लोक होते. गोडबोल्याने स्टेजवरून वाकून बाबांना नमस्कारही केला. गोगलगाय आणि पोटात पाय! मग त्याने विचारलं, कुणाला काय ऐकायचंय?

"काका, खडीवरची पावलं," ती म्हणाली.

"वा! त्यासाठी मी स्वतः अनवाणी चाललोय," असं म्हणत त्याने डोळे मिटले आणि फाईल लावली.

मोठमोठ्या स्पीकरमधून खडी वाजू लागली. करकर, करकर. पावलं थांबली.

"टेक सात वाया गेला," बाबांचा खणखणीत आवाज आला. "गोडबोल्या, दारात उभा राहून धापा काय टाकतोस? तुझा श्वास येतोय माझ्या पावलांत. श्वास रोखून धर!"

मग मागून एक म्हातारा साउंडवाला ओरडला, "अहो, हे तर पावलंवाले!" त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग ओळीच्या ओळी. माना वळल्या, लोक उठून खुर्चीकडे येऊ लागले.

बाबांना चार वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकू आला होता. त्यांचं डावं बोट स्पीकरकडे गेलं आणि छातीवर येऊन टेकलं. याचा विचार तिने केलाच नव्हता. तिला रडू फुटलं. तरी तिने नजर स्टेजवरून काढली नाही.

तिथे गोडबोल्या छाती फुगवून, ओठ घट्ट मिटून उभा होता. गुरूने सांगितल्याबरोबर त्याने खरोखरच श्वास रोखला होता. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि सोड असं म्हणायची तिला काही घाई नव्हती.