नवव्या पेटीतला बाण

टक्... टेबलाच्या उतारावरून गडगडत आलेला दगड चहाच्या कपावर आपटून थांबला, आणि झोपलेल्या लेकीची पापणी हलल्यासारखी वाटून तिने श्वास धरला. नाही, झोपली आहे. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, करडा गोल तुकडा — जमिनीत खोल भोक पाडून नळीतून वर काढलेला — आणि त्याच्या अंगावर एक लाल बाण. वरची बाजू कुठली ते सांगणारा. तिनेच काढलेला.

समोर लॅपटॉपवर विद्यार्थिनीच्या पीएचडीच्या जागेसाठी शिफारशीचा अर्ज उघडा होता. पाचपर्यंत पाठवायचा, अजून चाळीस मिनिटं. "तुझे दगड कोट्यवधी वर्षं थांबलेत, आणखी तासभर थांबतील की," असं सासूबाई म्हणायच्या... दगड थांबतात हो, अर्ज थांबत नाहीत.

भिंगवाली — गळ्यात सदा भिंग अडकवून फिरते म्हणून अख्खी प्रयोगशाळा तिला तशीच हाक मारते — हुशार आहे, चिवट आहे, उन्हात दहा तास उभी राहते, हे लिहिताना हात भराभर चालला होता. उरला होता एकच रकाना: उमेदवाराच्या सचोटीचा, तुम्ही स्वतः पाहिलेला प्रसंग लिहा.

आणि तो तर एकच होता...

चार महिन्यांपूर्वी भिंगवालीने अशा तुकड्यांच्या नवव्या पेटीतला हाच तुकडा तिच्यासमोर धरला होता. "मॅडम, पाण्यात जड खडे आधी खाली बसतात ना? गाळ नंतर, वर?"

"मग?"

"या पेटीत सगळीकडे उलटं दिसतंय. खडे वर." मग भिंग खाली सोडत, "माझंच चुकत असेल."

आणि तिने भिंगवालीला म्हटलं होतं, "हं. बघू आपण."

बघू आपण... पहिल्या क्षणीच कळलं होतं की. लेकीच्या वेळचा सातवा महिना, सुजलेले पाय, त्या पत्र्याच्या शेडमधली दुपार, आतून लेक लाथा मारतेय आणि एका हाताने पोट सावरत दुसऱ्या हाताने ती बाण काढत सुटलेली — पेटी कुणी फिरवून ठेवली होती, की आपणच... बाण मात्र आपलेच. त्या पेटीवर उभा राहिला तिचा शोधनिबंध, तिथलं प्राचीन तळं हळूहळू आटत गेलं असं सांगणारा. निबंधावर कायमची नोकरी, नोकरीवर हे घर, ही दुपारची झोप. तळं कदाचित आटलंच नव्हतं. भरत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तुकडा पर्समध्ये टाकून घरी आणला, नीट बघायला म्हणून. मी काय बघितलं नीट? पेटीत त्याची जागा रिकामी आहे, भिंगवालीला ती दिसली असणारच. तिने पुन्हा विषय काढला नाही. ते सगळं लिहिलं तर पीएचडीची जागा तिचीच. नाही लिहिलं, तर हुशार आणि चिवट मुली काय, शंभर असतील.

फोन थरथरला.

"मॅडम, छोटी झोपली का?"

"आत्ताच. बोल."

"अर्जाची आठवण करून द्यायला नाही हां केला फोन. म्हणजे... त्यासाठीच केला." दोघी हसल्या. मग पलीकडून, हळू: "ते सचोटीचं आहे ना, तिथं वेळेवर येते वगैरे लिहा. दुसरं काही नाही लिहिलंत तरी चालेल. खरंच."

चालेल. लहान मुलाच्या हातून कप पडावा आणि घरातल्या मोठ्याने न बोलता तुकडे गोळा करावेत, तसं पोरीने तिला सांभाळून घेतलं होतं. बरं वाटायला हवं होतं. वाटली ती चीड, आणि चिडीच्या तळाशी काहीतरी जड, आधीच बसलेलं...

'वेळेवर येते,' तिने लिहिलं. पुसलं. 'तिने माझी' — एवढं लिहून बोटं थांबली. पुढचा शब्द दोनच अक्षरांचा होता.

"आई."

लेक उठून टेबलाशी आली होती, गालावर उशीची घडी उमटलेली. तिने दगड दोन्ही हातांनी उचलला.

"हा बाण कुणी काढला?"

"मी."

"का?"

"वर कुठलं ते कळावं म्हणून."

लेकीने दगड उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला, आणि बाणाचं टोक खाली करून टेबलावर उभा ठेवला. तो गडगडला नाही.

"पण तुला कसं कळलं?"