पाहुण्यांकडे फिरणारा कूलर

मी एक जुना कूलर आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या भिंतीवर चढून बसलेल्या त्या पांढऱ्या, गुळगुळीत एसीला एकदा विचारून पाहा, विजेचा दाब कमी असताना अकोल्याचा मे महिना त्याला ओढता येतो का ते. मी ओढला आहे, आणि तोही एका कुरकुरणाऱ्या चाकावर उभा राहून. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला मी हातभार लावला आहे. हसलात ना? हसा खुशाल. पण गोष्ट ऐकून मग हसा.

माझा जन्म अकोल्यात, जुन्या कॉटन मार्केटजवळच्या धर्मपालभाऊंच्या पत्र्याच्या दुकानात झाला. त्यांनी जाड पत्रा ठोकून माझं अंग घडवलं, आतून डांबर फासलं आणि बाहेरून आभाळी निळा रंग दिला. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, समोर पंखा आणि खाली चाकांचा स्टँड. तयार झाल्यावर धर्मपालभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "घेऊन जा सर. हा नाई गंजत." त्यांचा शब्द मी आजवर पाळला आहे. एका कोपऱ्याचं तेवढं सोडून द्या.

ते गिऱ्हाईक म्हणजे चंद्रभान सर. शाळेत पी. टी. शिकवायचे. गळ्यात शिट्टी, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची मुलंही सावधान व्हायची. घरी त्यांची बायको बेबीताई आणि लहानगी प्रणाली. प्रणालीला मी आलो त्याच दिवशी आवडलो. ती माझ्यासमोर उभी राहून तोंडाचा मोठा आ करायची आणि "आ..." म्हणून ओरडायची. माझ्या वाऱ्यात तिचा आवाज थरथरून यंत्रासारखा व्हायचा आणि ती खिदळत सुटायची. बेबीताई म्हणायच्या, "अवं, घशात हवा शिरन ना!" पण ऐकतंय कोण?

त्या घरात मला मोठा मान होता. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे फिरवतात, मग पाणी देतात आणि मग खुशाली विचारतात. चंद्रभान सरांचा तर या बाबतीत हात कोणी धरू शकत नसे. पाहुण्याची चप्पल दारात निघायच्या आत माझं तोंड त्याच्याकडे झालेलं असायचं. घरातली माणसं मग हातातल्या कागदाने वारा घेत बसायची. "काय हवा मारते सर तुमचा कूलर!" असं पाहुणा म्हणाला की सरांची छाती फुगायची. माझीही फुगायची, पण पत्र्याची असल्यामुळे दिसायची नाही.

प्रणाली मोठी झाली, अमरावतीला इंजिनिअर झाली आणि नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीत नोकरीला लागली. तिथे बाया दिवसभर उजेडाच्या टेबलावरून सरकणारं कापड डोळे ताणून पाहायच्या. कुठे धागा तुटला, कुठे गाठ आली, कुठे डाग पडला, ते शोधायच्या. संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे लाल व्हायचे. हे काम कॅमेऱ्याला शिकवता येईल, असं प्रणालीच्या मनाने घेतलं. तिने नोकरी सोडली, अकोल्याला परत आली आणि घरातल्या समोरच्या खोलीत एक भलंमोठं काळं मशीन आणून ठेवलं.

हे मशीन दिवसभर कापडाची चित्रं पाहून शिकायचं. शिकताना इतकं तापायचं की त्याच्यावर पापड भाजून निघाला असता. एसी लावून पाहिला, तर घराचा मेन स्विच उडायला लागला. मग चंद्रभान सर स्वतः मला ढकलत त्या खोलीत घेऊन आले.

"याले लाव मशीनले," ते म्हणाले.

"आन् तुमी, बाबा?"

"मले काय होते? मी गच्चीवर झोपतो. दुपारी दुपट्टा ओला करून घेतो डोक्यावर."

सरांनी एकदा म्हटलं ते म्हटलं. ओली हवा मशीनला चांगली नाही म्हणून प्रणालीने मला चार हात लांब उभं केलं. तसं अकोल्याच्या मे महिन्यात हवेत ओल ती कितीशी टिकणार! दोन उन्हाळे मी त्या मशीनवर वारा घातला. दोन उन्हाळे सर व्हरांड्यात ओला दुपट्टा घेऊन बसले. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहणं मला जड जायचं, हे मी आज मोकळेपणाने सांगतो.

मशीन शिकलं. गिरणीवाल्यांनी एका यंत्रमागावर प्रणालीचा कॅमेरा लावून पाहिला आणि म्हणाले, चांगलं आहे, सगळ्या मागांवर लावा. आता आली का पंचाईत! इतके कॅमेरे बनवायचे, माणसं नेमायची, तर भांडवल हवं. घरातली पुंजी तर संपत आली होती. जूनपर्यंत काही जमलं नाही, तर मशीन विकून प्रणाली पुण्याच्या नोकरीवर रुजू होणार, असं ठरलं होतं. ती कंपनीवाल्यांना होय म्हणून बसली होती.

मित्रांनो, नव्या धंद्यात सुरुवातीलाच पैसे घालून त्यात भागीदार होणारी काही मंडळी असतात. धंदा वाढला तर त्यांचा पैसा वाढतो, बुडाला तर त्यांचाही बुडतो. म्हणून ती फार पारखून घेतात. याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धंद्यांवर या मंडळींचा भारी डोळा आहे. बंगळुरूच्या अशाच एका फंडाच्या स्वराली मॅडम प्रणालीशी फोनवर बऱ्याचदा बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मी येऊन बघते. आधी तुमच्याकडे, दुसऱ्या दिवशी गिरणीत."

आणि त्या आल्या कधी? मे महिन्यात, भर दुपारी! मूळच्या पुण्याच्या बाई. ऑटोतून उतरल्या तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

प्रणालीने सगळी तयारी करून ठेवली होती. दोन लाकडी रुळांवर कापड गुंडाळलेलं, वर कॅमेरा, शेजारी मशीन आणि मशीनकडे तोंड करून मी. रूळ फिरवायचं हँडल बेबीताईंच्या हातात. सगळ्यांना सगळं समजावून झालं होतं. फक्त एक गोष्ट वडिलांना सांगायला प्रणाली विसरली, कारण ती सांगावी लागेल असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

"या, या मॅडम! बसा. गर्मी लय आहे आमच्या अकोल्यात," म्हणत चंद्रभान सरांनी खुर्ची पुढे केली आणि सवयीने एका झटक्यात मला पाहुणीकडे फिरवलं. चाक कुरकुरलं. माझं तोंड स्वराली मॅडमकडे आणि पाठ मशीनकडे झाली.

"अहाहा," मॅडम म्हणाल्या. सरांची छाती फुगली. या वेळी माझी मात्र फुगली नाही.

प्रणाली बोलण्यात गुंतली होती. बेबीताई हँडल फिरवू लागल्या, कापड सरकू लागलं. मशीन सकाळपासून शिकतच होतं आणि आता वर हे दाखवायचं काम. माझ्या पाठीला त्याची धग लागू लागली. त्याचा पंखा आधी गुरगुरला, मग किंचाळला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण कूलरला आवाज एकच. पडदा काळा झाला आणि मशीन बंद पडलं.

बेबीताईंचा हात हँडलवर तसाच राहिला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

प्रणालीने मशीनला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग तिची नजर माझ्यावर गेली. वीज गेली, वायर सैल झाली, असं काहीही सांगता आलं असतं. ती सरळ म्हणाली, "मशीन तापलं, मॅडम. कूलर त्याच्यासाठी होता. तुमच्याकडे फिरवला म्हणून ते बंद पडलं." आणि ती उठून माझ्याकडे आली.

सर मध्ये उभे राहिले. खालच्या आवाजात, पण रागाने म्हणाले, "काय करून राहिली तू? पाहुन्याच्या तोंडावरची हवा काढतेस? लोक काय म्हनतीन?"

"बाबा, फिरवा लागते." ती म्हणाली. "दोन वर्सं तुमी हवा घेतली नाई ते कायच्यासाठी?"

सर बाजूला झाले. प्रणालीने मला धरून फिरवलं. माझ्या उभ्या आयुष्यात पाहुण्याकडून मला काढून घेण्याची ती पहिलीच वेळ. सरांनी मान खाली घातली होती.

"फिरवू द्या तिला, काका," स्वराली मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि खुर्ची मशीनजवळ ओढली. "मला एक सुई मिळेल का?"

मशीन गार होऊन पुन्हा सुरू झालं. मॅडमनी स्वतः कापडातला एक धागा सुईने ओढला, तोही अशा जागी की सहज दिसू नये. बेबीताईंनी हँडल फिरवलं. मशीन टुंग करून वाजलं आणि पडद्यावर त्या धाग्याभोवती लाल चौकट आली. मॅडमनी मान डोलावली. लगेच दुसऱ्यांदा टुंग झालं. तिथे तर कोणी सुई लावली नव्हती!

"हे चुकलं का?" मॅडमनी विचारलं आणि त्या कापडावर वाकल्या. लाल चौकटीच्या जागी एक बारीकसा ओला ठिपका होता. त्यांच्याच कपाळावरचा घाम तिथे टपकला होता. त्या पाहत असतानाच नाकावरून दुसरा थेंब पडला. कापड सरकलं. टुंग!

पहिल्या हसल्या त्या बेबीताई. मग मॅडम अशा हसल्या की त्यांचा चष्मा घसरला.

"घामाचा डाग शिकवला होतास याला?"

"नाही मॅडम," प्रणाली म्हणाली. "चांगलं कापड कसं असतं तेवढं भरपूर दाखवलं. त्यात न बसणारं काही दिसलं की ते वाजतं."

मग मॅडमनी प्रश्नांचा सपाटा लावला. गिरणीत याहून उकाडा असेल, तिथे कूलर कोण फिरवणार? प्रणालीने सांगितलं की तापतं ते शिकताना, गिरणीत फक्त ओळखणारा छोटा डबा असतो, आणि उद्या तुम्ही तो भर दुपारी चालताना पाहालच. असा तासभर गेला. मॅडमचा रुमाल पिळण्याइतका ओला झाला, पण कूलर इकडे करा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

निघताना त्या सरांना म्हणाल्या, "काका, वाईट वाटून घेऊ नका. मी जाते तिथे मला गारव्यात बसवून मोठी मोठी स्वप्नं दाखवतात. दिलेला पैसा शेवटी कुठे जाणार, एवढंच मला बघायचं असतं. आज ते बघितलं."

सरांना ते किती पटलं, कोण जाणे. पण त्यांनी मॅडमना ऑटोपर्यंत सोडलं आणि स्वतःचा ओला दुपट्टा त्यांच्या डोक्यावर धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीतला डबा भर उन्हात न कुरकुरता चालला, असं मी प्रणालीच्या तोंडून ऐकलं. नंतर कागदपत्रं झाली, आणखी प्रश्न झाले. फंडवाले म्हणाले, बंगळुरूला या. प्रणाली म्हणाली, माग इथं आहेत, मी तिथं येऊन काय पाहू? त्यांनी ते मानलं. जूनच्या सुरुवातीला करारावर सह्या झाल्या आणि प्रणालीने पुण्याच्या कंपनीला नाही कळवलं. त्या दिवशी सरांनी घरात शिट्टी वाजवली. सगळी गल्ली गोळा झाली. आणि मला अभिमान इतका वाटला की पंप बंद असूनही ताट्या ओल्या झाल्यासारख्या वाटल्या.

अमरावतीला ऑफिस झालं आणि प्रणाली तिथेच राहू लागली. मशीन तिकडे एसीत राहायला गेलं. निघताना त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मशीनच ते, त्याला कसं सुचावं? बेबीताईंनी मला जुनं लुगडं पांघरलं आणि मी गच्चीवर पावसाळा काढला, हिवाळा काढला. तेव्हाच तो कोपरा गंजला. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मार्चमध्ये सरांनी मला खाली आणलं, नव्या ताट्या बसवल्या आणि दिवाणासमोर उभं केलं. दोन उन्हाळ्यांनंतर ते माझ्यासमोर आडवे झाले. "हां... आता कसं," म्हणाले आणि घोरायला लागले. पाहुण्यांनी केलेली सगळी वाहवा एकीकडे आणि ते घोरणं एकीकडे.

मे महिन्यातल्या एका रविवारी प्रणाली घरी आली. दारात तिची चप्पल वाजताच सर दिवाणावरून उठले आणि त्यांनी मला तिच्याकडे फिरवलं.

"हे काय, बाबा? तुमी पडा ना."

"तू आता अमरावतीची. पाहुनी आहेस."

प्रणालीचे डोळे भरून आले. तिने मला परत त्यांच्याकडे फिरवलं. सरांनी तिच्याकडे. तिने त्यांच्याकडे. माझं चाक रडकुंडीला आलं. स्वयंपाकघरातून बेबीताई ओरडल्या, "अवं, त्याचं चाक मोडसान तुमी दोघं!"

शेवटी प्रणाली दिवाणावर वडिलांना खेटून बसली. मग पुढे वाकली, माझ्यासमोर मोठा आ केला आणि लहानपणीसारखी ओरडली, "आ...!" आवाज थरथरला. सरांनीही मग आ केला. मैदानापलीकडे जाणारा तो आवाज माझ्या वाऱ्यात असा काही थरथरला की मला माझ्या पंख्याचा गर्व झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी कूलर असेल तर हंगाम संपल्यावर त्याची टाकी कोरडी करा, ताट्या वाळवा आणि चाकाला तेलाचा थेंब द्या. माझ्या चाकाला अजून कोणी दिलेला नाही. आणि गार हवेत निवांत बसलात की एकदा आजूबाजूला पाहा. तुम्हाला ती हवा मिळावी म्हणून कोणीतरी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन व्हरांड्यात बसलेलं असेल. उठून मला त्याच्याकडे फिरवा.