पाणी नको

वैशालीने पेल्यातलं पाणी कापडावर ओतलं आणि कापड उलटं करून टेबलावर थापटलं. टेबल कोरडंच राहिलं. डोंबिवलीच्या महिला मंडळाच्या खोलीत गोल करून बसलेल्या बायकांनी माना पुढे काढून पाहिलं. एकीने कापडाला बोट लावलं आणि ते ओलं झालं नसतानाही पदराला पुसलं.

“छानच आहे की,” मंडळाच्या सेक्रेटरी म्हणाल्या. “पण आमच्यात कुणाला तसलं काही नाही हो.”

“माझ्या जावेला आहे,” दुसरी म्हणाली. “तिला सांगेन मी.”

“आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना तर फारच. साधी शिंक आली तरी.”

मग त्या वहिनी शिंक आल्यावर भर रस्त्यात कशा खांबासारख्या थांबतात ते कुणीतरी उठून करून दाखवलं आणि खोली हसण्याने भरून गेली. हसणं थांबलं ते मात्र एकदम. दोघीतिघींनी पायावर पाय घट्ट दाबून घेतले. नक्कल करणारी बाई “आलेच हं” म्हणत बाथरूमकडे गेली आणि तिच्या मागोमाग आणखी एक जाऊन दाराशी उभी राहिली. वैशालीने हे सगळं पाहिलं. तिने पुन्हा एकदा, शब्द बदलून विचारलं. तरी तसलं काही कुणालाच नव्हतं.

शौनक खाली स्कूटरपाशी वाट बघत होता. वर येऊ नकोस, पुरुष दिसला की बायका बोलणार नाहीत, असं वैशालीनेच त्याला सांगितलं होतं.

“किती निघाल्या?”

“एकही नाही.”

“एकही? ताई, डॉक्टर म्हणतात तीनचार बायकांमागे एक तरी असते. आपण दिव्यात विचारलं, कळव्यात विचारलं. सगळ्या ठणठणीत बायका आपल्यालाच भेटतात का?”

“आहेत रे. आता वरच होत्या.”

“त्यांनी सांगितलं तसं?”

“नाही.”

“मग मी सेंटरमध्ये काय सांगू? मिटिंगमधून दोघी बाथरूमला गेल्या म्हणून?”

वैशालीने पिशवी स्कूटरला अडकवली. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलांना त्यांचं गिऱ्हाईक समजावून द्यायचं, हे तिचं काम. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती आता एकटीच हे करायची. मुलं काहीतरी बनवून आणायची आणि हे कुणाला हवंय ते शोधायला वैशाली दारोदार हिंडायची. शौनक कापडाचं इंजिनिअरिंग शिकलेला. त्याने हे कापड आधी तान्ह्या बाळांच्या दुपट्यांसाठी बनवलं होतं. एका डॉक्टरबाईंनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, याची गरज बाळांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त आहे. खोकताना, हसताना, जिना उतरताना चुकून थोडी लघवी होते, अशा बायकांसाठी मग शौनकने धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या निकर शिवून घेतल्या. ठाण्यातल्या ज्या स्टार्टअप सेंटरने त्याला जागा दिली होती, तिथले लोक दोन महिन्यांनी ठरवणार होते की त्याला पुढे ठेवायचं की नाही. त्यांना हवी होती ती फक्त गिऱ्हाइकं, आणि सापडत होत्या त्या सगळ्या जावा आणि शेजारणी.

पुढच्या आठवड्यात वैशालीने निकर पिशवीतून बाहेरच काढली नाही. नुसतं विचारू लागली, “गेल्या दोनतीन वर्षांत तुम्ही काय काय करायचं सोडलंत?”

आता बायका बोलायला लागल्या. कुणी गरबा सोडला होता, कुणी बॅडमिंटन, कुणी येऊरच्या जंगलात सकाळी फिरायला जाणं. एकीने लांबच्या बसचा प्रवास सोडला होता, एकीने नातवाला उचलून घेणं. पण कारण विचारलं की सगळ्या गुडघ्यांवर यायच्या, नाहीतर वेळेवर. खरोखर कुणाचे गुडघे दुखत होते आणि कुणाचे नाही, हे वैशालीला सांगता येईना. कधी वाटायचं की सगळ्यांना तेच आहे. कधी वाटायचं की आपण शौनकचं म्हणणं डोक्यात ठेवून ऐकतोय, म्हणून तसं ऐकू येतंय.

दिव्याला राहणारी क्षिप्रा नावाची शिक्षिका तेवढी वेगळं बोलली.

“मी पाणी सोडलं,” ती म्हणाली. “म्हणजे घरातून निघाल्यापासून शाळा सुटून परत येईपर्यंत. कुणाकडे गेले, त्यांनी पाणी आणलं, तरी नको म्हणते.”

“का?”

“असंच. सवय.” क्षिप्राने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “लोकांना वाटतं, शिष्ट आहे. वाटू दे.”

वैशालीने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. माजिवड्याच्या पुलाखाली तिची रिक्षा अडकली, तेव्हा कुठे ते वाक्य तिच्या डोक्यात परत आलं. आलं ते मात्र क्षिप्राच्या आवाजात नाही. आईच्या आवाजात.

“पाणी नको.”

गुरुदत्तशी लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत वैशालीची आई, कांताबाई, कळव्याहून माजिवड्याला त्यांच्याकडे मोजक्या वेळा आली होती. आली की खुर्चीच्या कडेला बसायची, पाण्याचा ट्रे पुढे आला की हात आडवा करायची आणि चहा व्हायच्या आत निघायची. नातीच्या बारशाला तर जेवणाची पानं मांडलेली टाकून गेली. वैशालीच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, गप्प राहिल्या होत्या. पण एकदा त्यांच्याने राहवलं नाही.

“तुझ्या आईला आमच्या घरचं पाणी चालत नाही, हे मला समजत नाही, वैशाली. पूर्वी उलटं होतं, मान्य आहे मला. पण मी कधी या घरात भेद केला?”

“ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी मागून घेतलं, त्यांच्यातलं कुणी एकदा नको म्हणालं, तर इतकं लागतं तुम्हाला?” वैशाली म्हणाली होती.

त्यावरून गुरुदत्तशी दोन दिवस बोलणं बंद होतं. पुढेही हा विषय निघाला की ती असंच काहीतरी धारदार बोलायची. बोलताना तिला आईचा अभिमान वाटायचा.

रिक्षा पुढे सरकली. वैशालीने पिशवीची चेन उघडली, निकरच्या पाकिटाकडे पाहिलं आणि चेन परत लावली.

रविवारी दुपारी ती कळव्याला गेली. भाऊ प्रेम आणि वहिनी बाहेर गेले होते. कांताबाई बाल्कनीच्या दाराशी बसून मेथी निवडत होत्या. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दुपारी झोपायची सवय त्यांनी मुद्दाम लावून घेतली नव्हती.

वैशाली समोर बसली. लोकांना कसं विचारावं, हे तिला चांगलं येत होतं. आधी इकडचं तिकडचं बोलायचं, मग हळूच आत शिरायचं. इथे तिला ते जमलं नाही.

“आई, तू आमच्याकडे पाणी का पीत नाहीस?”

“आज काय मध्येच?”

“सांग ना.”

“तहान नसते.”

वैशालीने पाकीट काढून मेथीच्या जुडीशेजारी ठेवलं आणि ते काय आहे ते सांगितलं. कांताबाईंनी ऐकून घेतलं, पण हात लावला नाही.

“आपल्या बाजूच्या प्रभाकरच्या आईला लागतं असलं काहीतरी,” त्या म्हणाल्या.

वैशालीने पाकीट तिथेच राहू दिलं. कांताबाईंनी आणखी थोडी मेथी निवडली. देठं पानांत गेली, ती त्यांनी परत वेचून काढली.

“तुमच्या घरात बाथरूमला जायचं तर हॉलमधून सगळ्यांच्या समोरून जावं लागतं,” त्या म्हणाल्या. “आणि सारखं सारखं कसं जाणार? परत तो पांढरा सोफा.”

“मग मला सांगायचंस ना! मी तुझ्यासाठी तिथे किती भांडले, माहितीये तुला?”

“माहितीये. गुरुदत्तराव एकदा बोलले माझ्याकडे.”

“आणि तरी गप्प बसलीस?”

“मग काय करू? रागावलीय म्हणतात तर म्हणू देत. रागावलेल्या बाईशी लोक जपून वागतात. हे कळलं असतं तर कीव केली असती माझी.” कांताबाईंनी ताट बाजूला सारलं. “त्या घरात मला कीव नको होती.”

“म्हणजे राग नव्हताच?”

कांताबाई बाल्कनीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी उन्हात टाकत होतं.

“पहिल्यांदा होता. तुझं लग्न ठरवायला आलेलो तेव्हा. तुझ्या सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमच्याकडे पाहून वाटत नाही हो.’ काय वाटत नाही, ते नाही बोलल्या. हसून, चांगल्या मनाने बोलल्या. माझ्या हातात पाणी होतं. मी तसंच ठेवून दिलं.”

“आणि नंतर?”

“नंतर राग कधी गेला आणि हे कधी आलं, मलाच नाही सांगता यायचं. गेला की नाही, तेसुद्धा. तू लोकांना विचारत फिरतेस ना? तूच सांग.”

बारा वर्षांची भांडणं वैशालीला एकेक करून आठवत होती. त्यातलं कुठलं बरोबर होतं आणि कुठलं उगाच, ते तिला वेगळं करता येत नव्हतं. ती निघायला उठली, तसा कांताबाईंनी पाकिटावर हात ठेवला.

“हे राहू दे. प्रभाकरच्या आईला देईन.”

“आणखी एक देऊ?”

“दे.”

दुसऱ्या दिवशी वैशालीने शौनकला पाकीट बदलायला सांगितलं. आजाराचं नाव काढून टाक, म्हातारीचं चित्र काढून टाक. त्याजागी खांद्याला बॅग लावलेली, कुठेतरी निघालेली बाई काढ. ‘लांबच्या प्रवासासाठी’ एवढंच लिही. आणि दुकानात ठेवू नकोस. सहली काढणाऱ्या बायकांकडे दे.

“आणि कुणासाठी पाहिजे म्हणून विचारायचं नाही,” ती म्हणाली. “जावेसाठी म्हणाल्या तर जावेसाठी.”

“ताई, हे सुचलं कुठून?”

“एका बाईंशी बोलले.”

“कुठल्या? मला पण भेटवा ना.”

“नाही भेटायच्या त्या.”

डोंबिवलीच्या मंडळाने अष्टविनायकाच्या सहलीआधी पाकिटं मागवली, ती सगळी जावांसाठी. परत आल्यावर पुन्हा मागवली. सेंटरने शौनकला ठेवून घेतलं. तो पेढे घेऊन वैशालीच्या घरी आला. मंदाकिनीबाईंनी कशाचे पेढे म्हणून विचारलं, तेव्हा तो लाजून “प्रवासाच्या कपड्यांचे” म्हणाला.

वैशालीने आईचं घरात कुणालाच सांगितलं नाही, गुरुदत्तलाही नाही. सांगितलं असतं, तर इतकी वर्षं आईने जे जपलं होतं ते गेलं असतं. न सांगावं, तर सासूबाईंच्या मनातली अढी तशीच राहत होती. ती फक्त वाट पाहत होती. आता अडचण उरली नाही, आता आई येईल.

कांताबाई बाहेर पडू लागल्या. भाच्याच्या लग्नाला नाशिकला जाऊन आल्या. विहारातल्या बायकांबरोबर वेरुळला गेल्या. प्रभाकरच्या आईसाठी त्यांनी दोनदा पाकिटं मागून घेतली. माजिवडा खाडीच्या पलीकडेच होता. वैशाली दर रविवारी विचारायची, “येतेस?” आणि कांताबाई म्हणायच्या, “बघू.”

थंडीत त्या विहाराच्या सहलीबरोबर बुद्धगयेला गेल्या. तिथून त्यांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा वैशाली आणि मंदाकिनीबाई दोघीही हॉलमध्ये होत्या. कांताबाई शाल पांघरून चहाच्या टपरीवर बसल्या होत्या. आजूबाजूला पाचसहा जणी, सगळ्या एकदम बोलत होत्या. हा दुसरा चहा, कांताबाईंनी स्वतःहून सांगितलं.

मंदाकिनीबाईंनी हात पुढे केला. वैशालीने फोन त्यांच्याकडे दिला.

“कांताताई, तब्येत छान दिसते आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “परत आलात की या ना आमच्याकडे. किती वर्षांत नीट आला नाहीत.”

“तुम्हीच या की कळव्याला,” कांताबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. “तुम्ही तर एकदाही नाही आलात.”

मंदाकिनीबाई फोनकडे बघत राहिल्या. पलीकडे कुणीतरी कांताबाईंना बिस्कीट दिलं, त्यांनी ते चहात बुडवलं.

“आवाज तुटतो आहे गं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि फोन वैशालीच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेल्या.

आवाज स्वच्छ येत होता. कपांचा किणकिणाट, मागे कुणाचं तरी वंदना म्हणणं, सगळं ऐकू येत होतं. वैशाली आईशी थोडं बोलली आणि तिने फोन ठेवला. आतून डबा उघडल्याचा, झाकल्याचा आवाज झाला.

“वैशाली,” मंदाकिनीबाईंनी आतून विचारलं, “तुमच्या कळव्याच्या इमारतीला लिफ्ट आहे का गं?”

लिफ्ट होती. सांगायला सोपं होतं. पण हे जाण्यासाठी विचारलंय की न जाण्यासाठी, ते वैशालीला कळेना. सासूबाईंचा चेहरा बघावा म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

“आहे,” ती म्हणाली.

मंदाकिनीबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. “असं का,” म्हणाल्या, पण वळल्या नाहीत.