उजवा गाल

लोहाऱ्याच्या मंगल कार्यालयात दिव्यांगांचं शिबिर भरलं होतं. चार टेबलं, चार पांढऱ्या चादरी, चार डॉक्टर. सरदारबी लेकीचा हात धरून पहिल्या टेबलापुढं उभी राहिली.

फलक तेवीस वर्षांची. तिला बोलता येत नाही, फिट येतात, आणि अलीकडं ती समोरच्याला मारते. मुरुम गावच्या ज्या दिव्यांग केंद्रात ती लहानपणापासून दिवसभर असायची, तिथल्या क्षमा मॅडम आज मुद्दाम आल्या होत्या. डॉक्टरांनी तोडगा काढला नाही तर केंद्रातून नाव कमी होणार होतं. मग उरत होती परजिल्ह्यातली कुलूपबंद संस्था.

फिटचे डॉक्टर म्हणाले, "फिट आटोक्यात आहेत. मारण्याचं आमच्याकडं नाही. पुढच्या टेबलावर दाखवा."

पुढच्या टेबलावर मानसोपचाराचे डॉक्टर गौरीशंकर. "झोपेची गोळी वाढवू. फिटची कुठली चालू आहे?"

"ह्या बाजूच्या साहेबांनीच दिलीय की."

"ते तुम्ही सांगायचं असतं, मावशी."

दोन्ही डॉक्टरांच्या मधे बिस्किटांची एकच बशी होती. दोघं आळीपाळीनं तिच्यात हात घालत होते.

तिसऱ्या टेबलावरची थेरपीवाली बाई फलकच्या मिटत्या डोळ्यांकडं बघून म्हणाली, "ही तर पेंगतेय. हिच्याकडून काय करून घेऊ? गोळ्या कमी करून आणा."

सरदारबी परत फिरली. "साहेब, त्या कमी करा म्हणत्यात, तुमी वाढवा म्हणताय."

गौरीशंकर फलककडं वाकले, आणि फलकनं त्यांच्या थोबाडीत मारली.

"हेच सांगत होते मी," क्षमा मॅडम म्हणाल्या.

सरदारबी मात्र लेकीच्या हाताकडं बघत राहिली. फलक जेवते उजव्या हातानं, फेकते उजव्या हातानं. मारलं होतं डाव्या हातानं, साहेबांच्या उजव्या गालावर. गेल्या आठवड्यात सरदारबीनं स्वतः एक खाल्ली होती, तीही उजव्या गालावर. त्यावर तिनं दर्ग्यातून ताईत आणून पोरीच्या दंडाला बांधला होता.

"मॅडम, तुमाला कुठल्या गालावर मारलं होतं?"

क्षमा मॅडमचा हात आपोआप उजव्या गालावर गेला. "आमच्या केंद्रातल्या मथुराबाईंनाही इथंच."

लहानपणी फलकच्या पायात काटा मोडला, तेव्हा ती रडली नव्हती. बापाचा, चाँदपाशाचा, पाय धरून सारखी दाबत बसली होती. दुखलं की ती समोरच्याच्या अंगावर जागा दाखवायची. हे आईला ठाऊक होतं. गोळ्यांच्या आणि टेबलांच्या फेऱ्यांत आईच विसरली होती.

चौथं टेबल दातांचं. तिथं रांगच नव्हती. डॉक्टर राजपाल मोबाईल बघत बसले होते. सरदारबीनं फलकचं तोंड उघडलं, त्यांनी बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. उजवीकडची शेवटची दाढ पार किडलेली, खाली पू.

"लई दुखत असंल?"

"तुम्हाला झोप लागली नसती, मावशी. भूल देऊन काढावी लागेल. पण त्याआधी फिटच्या डॉक्टरांना विचारून या, मग झोपेच्या गोळीचं..."

"म्या कुठंबी जाणार न्हाय."

सरदारबीनं भिंतीजवळची एक खुर्ची ओढत आणली, राजपालच्या टेबलाला लावली. मग दुसरी, तिसरी. फरशीवर पाय घासल्याचा आवाज सगळ्या हॉलनं ऐकला.

"या साहेब, बसा हितं. माझी पोर एकच हाय. तिचं डोकं तुमाला, झोप त्यांना, दात ह्यांना, असं वाटून घेतलंय तुमी."

गौरीशंकर गाल चोळत म्हणाले, "मावशी, शिबिराची अशी पद्धत नसते."

"दातानं तळमळणाऱ्या पोरीला झोपवायची पद्धत असती व्हय?"

फिटचे डॉक्टर आधी उठले. जाताना त्यांनी बशी उचलली, मग लाजून परत ठेवली. मागोमाग बाकीचे दोघं आले. राजपालसकट चौघं एका टेबलाशी बसले आणि पहिल्यांदाच एकमेकांना विचारू लागले, तुम्ही काय देताय, किती देताय.

सरदारबीनं चौथी खुर्ची क्षमा मॅडमपुढं ठेवली. "तुमीबी."

क्षमा मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी केंद्रात फोन लावला. "फलकचं नाव काढू नका. दाढ किडलीय तिची. नाही, कुणी बघितलीच नाही. मीही नाही."

फलकनं डावा हात उचलला. या खेपेला तो आईच्या उजव्या गालावर हळूच टेकला. सरदारबीनं तो तिथंच दाबून धरला आणि टेबलाकडं वळून म्हणाली, "दाढ कवा काढताय ते सांगा. चौघांनी मिळून सांगा."