कुणाचा उमेदवार

माणसाच्या आयुष्यात योग्य वेळी योग्य व्यक्ती भेटायला पूर्वजन्मीची पुण्याई लागते. वृषभ मगदूमची पुण्याई गरजेपेक्षा थोडी जास्त निघाली. त्याला एकाच नोकरीसाठी दोन व्यक्ती भेटल्या.

वृषभ त्रेचाळीस वर्षांचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत त्यानं अठरा वर्षं ओतीव भाग तपासले. भागात भोक असेल, चीर असेल, तर खडूनं फुली मारून तो बाजूला काढायचा, हे त्याचं काम. मार्चमध्ये मालकांनी त्याचा विभागच बाजूला काढला. फुली वगैरे काही मारली नाही, एक ईमेल आला.

तेव्हापासून वृषभ कदमवाडीतल्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसे. शेजाऱ्यांनी विचारलं तर "घरूनच काम चाललंय" असं सांगे. पाचव्या महिन्यात शेजाऱ्यांनी विचारायचं बंद केलं आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नसे. बायको दीपा शिकवण्या घ्यायची, त्यावर घर चालत होतं. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि सगळ्यांनी शिरोळला जाऊन थोरल्या भावाच्या हाताखाली ऊस बघायचा, असं ठरलं होतं. ठरवलं भावानंच. वृषभला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. भाऊ म्हणाला होता, "शिकवतो की. अवघड काय हाय त्यात? पोरं चालवत्यात."

पहिली योग्य व्यक्ती म्हणजे प्रियदर्शनी. ही पुण्याच्या एका भरती एजन्सीत होती. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.

"सर, कागलच्या एमआयडीसीत आमचा एक प्रतिष्ठित क्लायंट आहे. क्वालिटी मॅनेजरची जागा आहे. कंपनीचं नाव सध्या गोपनीय आहे."

"तो पंपाचा नवा कारखाना का? निळ्या पत्र्याचा?"

"सर, नाव गोपनीय आहे."

"हायवेवरनं दिसतो तो."

ती "हो, तोच," म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "एकच लक्षात ठेवा. तुमचं नाव फक्त आमच्याकडून गेलं पाहिजे. दुसऱ्या एजन्सीकडूनही गेलं, तर त्यांची सिस्टीम नाव अडकवून ठेवते. उमेदवार कुणाचा हे ठरेपर्यंत पुढची फेरी होत नाही."

"मी दुसऱ्या कुणाचा असणार?" वृषभ म्हणाला. हे त्याला खरंच वाटत होतं.

पहिली मुलाखत संगणकावर झाली. कंपनीच्या एचआरमधल्या अनुजा मॅडमनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? वृषभ म्हणाला, "कागलला." ते उत्तर आवडलं असावं. दुसऱ्या फेरीसाठी प्रत्यक्ष बोलावणार असं कळलं. दीपानं त्या दिवशी शिरा केला आणि बहिणीला, अंजनाला, फोन केला. अंजनानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त फोन स्पीकरवर होता आणि समोर तिचे सासरे जेवत होते.

दुसरी योग्य व्यक्ती म्हणजे हे सासरे, बापूसो चौगुले. शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. बोर्डावर पहिली ओळ 'विमा सल्लागार', दुसरी 'वधू-वर सूचक केंद्र' आणि सहा वर्षांपूर्वी खाली रंगवून घेतलेली तिसरी, 'नोकरी मार्गदर्शन'. खुर्च्या त्याच होत्या. छापील फॉर्मसुद्धा तोच होता, त्यामुळे नोकरी मागायला आलेल्याला उंची, वर्ण आणि मामाचं गाव भरावं लागे. 'अपेक्षा' हा रकाना मात्र दोन्हीकडं चाले.

बापूसोंनी दुसऱ्याच दिवशी वृषभला बोलावून घेतलं.

"काय पावणं," ते म्हणाले, "घरात डॉक्टर असताना मिरजंला पळायलाय व्हय?"

"तसं न्हाई, अण्णा. त्या पुण्याच्या बाईंनी आपणहून फोन केलता."

"आमी केला न्हाई, म्हंजे आमी मेलोय?"

"न्हाई, न्हाई."

"दीपाचं स्थळ कुणी आणलं तुमास्नी?"

"तुमी."

"बरं चाललंय न्हवं?"

"चाललंय."

"मग? आणा तो बायोडाटा."

आता इथं वृषभनं स्पष्ट नकार द्यायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाचणाऱ्याची मेव्हणी चौगुल्यांच्या घरात नांदत नाही. बापूसोंना नाही म्हणणं म्हणजे जेवणात दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या यजमानाला हात आडवा करणं. तो अपमान नंतर अंजनाच्या ताटात रोज वाढला गेला असता. शिवाय वृषभनं हिशेब केला होता. सहा वर्षांत बापूसोंनी दोन माणसांना नोकरी लावली होती आणि त्यातला एक त्यांचा स्वतःचा मुलगा होता. त्यांच्याकडं कागद देणं म्हणजे तो विहिरीत टाकण्याइतकं सुरक्षित होतं.

"नुसता ठेवून घ्या, अण्णा," तो म्हणाला. "पाठवू नका. तिथं माझं नाव गेलंय आधीच."

"पाठवतोय कशाला? फायलीत असू दे की. आपल्या माणसाचा कागद आपल्याकडं नसावा व्हय?"

वृषभ जिना उतरून गाडीला किक मारेपर्यंत बायोडाटा कागलला पोहोचला होता. सोबत बापूसोंचा निरोपही होता, 'घराणे चांगले, निर्व्यसनी, वीस वर्षे ओळखतो.' सहा वर्षांतलं हे त्यांचं सर्वांत चपळ काम.

चार दिवसांनी प्रियदर्शनीचा फोन आला.

"सर, तुमचं नाव दोनदा आलंय. कोण आहेत हे चौगुले?"

"पाहुणे आहेत."

"पाहुणे म्हणजे कन्सल्टंट?"

"दोन्ही."

तिनं नियम समजावून सांगितला. वृषभनं फक्त एवढंच लिहून द्यायचं, की चौगुले यांनी माझी संमती न घेता माझं नाव पाठवलं. दोन ओळी. मग नाव मोकळं होईल आणि दुसरी फेरी लागेल.

तासाभरात बापूसोंचा फोन आला. त्यांनाही दोन ओळी हव्या होत्या. 'मी लग्नाच्या आधीपासून चौगुले यांचाच उमेदवार आहे.' वर ते म्हणाले, "त्या पोरीनं तुमचं नाव इंटरनेटवर उचललं. मी तुमास्नी मांडवात उभं केलंय. हक्क कुणाचा, सांगा बघू."

वृषभनं ते दीपाला सांगितलं. दीपा वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णांच्या विरोधात काही लिहून देऊ नका," ती म्हणाली. "अंजूला त्या घरात राहायचंय."

"मग नोकरी?"

"नोकरी पण घालवू नका."

वृषभ 'बरं' म्हणाला. पुढचे सोळा दिवस तो हेच म्हणत होता. सकाळी दहाला प्रियदर्शनीचा फोन यायचा, त्याला बरं. साडेदहाला बापूसोंचा, त्यालाही बरं. मग तो शर्टाची बाही खाली-वर करत बसे. एकदा त्याच्या मनात आलं, की आपल्यासाठी दोघं इतकं भांडतायत, तर आपल्याला बरं वाटायला हवं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. भावानं नव्या ट्रॅक्टरचा फोटो पाठवला होता, त्यालाही त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

शेवटी प्रियदर्शनी कुठल्याशा कामासाठी कोल्हापूरला आली आणि बापूसोंनी शाहूपुरीत बैठक लावली. फोनवर पन्नाशीची वाटणारी प्रियदर्शनी सव्वीस वर्षांची निघाली. बापूसोंनी तिला चांगली खुर्ची दिली आणि आधी गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग लग्न ठरलंय का ते. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "काका, आपण विषयावर येऊया."

"येऊ की. वृषभ, खालनं तीन च्या सांगून या जरा."

वृषभ चहा घेऊन वर आला तेव्हा बोलणी निम्मी झाली होती. बापूसोंना बैठकीची एकच पद्धत ठाऊक होती, लग्नाच्या यादीची. कोऱ्या कागदावर त्यांनी वर 'श्री' लिहिलं, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडं 'मुलीकडील मंडळी' लिहिलं आणि मग ते खोडून 'पुणेकर' केलं. कमिशन निम्मं-निम्मं. कंपनीशी बोलणं पुणेकरांनी करायचं. उमेदवार तीन महिन्यांच्या आत नोकरी सोडून गेला, तर समजूत चौगुल्यांनी घालायची. पुढच्या पगारवाढीच्या वेळी दोघांनाही कळवायचं.

"आणि मी काय करायचं?" वृषभनं विचारलं.

दोघांनी त्याच्याकडं पाहिलं. ही शंका यादीत बसत नव्हती.

"तुमी सही करा," बापूसो म्हणाले. "तुमची काय हरकत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

त्यानं सही केली. बापूसोंनी टेबलाच्या खणातून साखरेची डबी काढून आधी प्रियदर्शनीच्या आणि मग त्याच्या हातावर चिमूट ठेवली. ठरलं की साखर, हा त्यांचा नेम. प्रियदर्शनीनं ती पेपर नॅपकिनमध्ये बांधली. वृषभनं खाल्ली. आता अंजनाला कुणी बोलणार नव्हतं आणि नोकरीही शाबूत होती. ऊस भावाकडंच राहणार होता. त्याच्या छातीत काहीतरी किंचित हललं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते काय असावं याचा तो विचार करू लागला.

प्रियदर्शनीनं लगेच अनुजा मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, मगदूम सरांचा वाद मिटलाय. दोन्ही एजन्सींची लेखी संमती आहे. दुसरी फेरी कधी ठेवूया?"

"कोण मगदूम?" पलीकडून आवाज आला. कळफलक वाजला. "अच्छा, ते. ती जागा भरली की. झाले पंधरा दिवस. मुरगूडचे एक जण रुजू झालेत."

बापूसो फोनकडं झुकले. "कुणाकडनं आले ते? कुठली एजन्सी?"

"कुणाकडून नाही. आमच्या वेबसाइटवर त्यांनी स्वतःच अर्ज भरला होता."

अर्ज भरायला सात मिनिटं लागतात, असं त्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे.